दिवेलागणीच्या आत

दुपारचे चार वाजले की माझा हात पिशवीकडे जायला लागायचा. कुठेही असले तरी. बाजारात असले, दवाखान्यात नंबर लावून बसले असले, बहिणीच्या उशाशी असले. मग समोरचं माणूस काय बोलतंय ते मला ऐकूच यायचं नाही. डोक्यात एकच. अंधार पडायच्या आत घर गाठायचं, रस्त्याकडच्या खिडकीतली ट्यूब लावायची, देवापुढे दिवा लावायचा. दोन वर्षांच्या वर मी असं केलं. एक संध्याकाळ चुकवली नाही. कशासाठी, ते मात्र कुणाला सांगितलं नव्हतं.

आमचं घर विरारला, तळमजल्यावर. एक खोली आणि स्वयंपाकघर. माझे मालक कारखान्यात लेथ मशीनवर होते, तिथून सुटताना मिळालेले पैसे आणि माझ्या बांगड्या, असं सगळं घालून घेतलेलं. बिल्डिंगचे कागद साफ होते, ह्याचा त्यांना फार अभिमान. आम्हाला मूल नाही. मी चौथी शिकलेली. दुकानावरची पाटी वाचता येते, सही करता येते. बाकी वाचायचं काम त्यांचं. लाइटचं बिल असो की लग्नाची पत्रिका, ते मोठ्याने वाचायचे आणि मी ऐकायची.

त्यांची मूत्रपिंडं गेली तेव्हा आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागायचं. होतं ते सहा महिन्यांत संपलं. तिथेच बाकड्यावर शेजारी बसणाऱ्या एका गृहस्थांनी ह्यांना सांगितलं की म्हाताऱ्या माणसांसाठी बँकेत एक कर्ज असतं. उलटं. घर बँकेकडे तारण ठेवायचं, आणि हप्ता आपण भरायचा नाही, बँकच आपल्याला दर महिन्याला पैसे देणार. दोघांपैकी एकजण जिवंत आहे तोवर घरात राहायचं. दोघं गेली की बँक घर विकून आपलं घेणार.

ह्यांना ते पटलं. म्हणाले, "आपल्यामागे आहे कोण भांडायला?"

मला त्या रात्री झोप नाही. दागिना मी गहाण ठेवलेला आहे, लाजायचं काय त्यात. पण दागिना सोडवता येतो, तो परत हातात येतो. ह्यात घर सोडवणार कोण? ह्यात आपण मरायची वाट कुणीतरी बघत बसणार, एवढंच मला कळलं.

मग घराची किंमत करायला बँकेचा माणूस आला. त्याने भिंतीवर बोटाने ठोकून पाहिलं, मोरीचं दार उघडलं, ओट्याचा फोटो काढला. मी घाईघाईने खरकटं भांडं उचलायला गेले तर म्हणाला, "राहू द्या आजी, तसंच पाहिजे." बिल्डिंग किती वर्षांची ते विचारून लिहिलं. मग माझ्याकडे बघून, "आणि तुमचं वय?" ते त्याच्या खालीच लिहिलं. भेंडी कोवळी आहे का जून, हे शेंडा मोडून बघतात ना, तसं मला झालं.

सह्या करायच्या दिवशी कागदाचा गठ्ठा होता. ह्यांना सगळा वाचवेना, डोळ्यांपुढे अंधारी यायची. बँकेतला साहेब तरुण होता, चांगलं बोलला. पण शेवटी उठताना म्हणाला, "राहतं घर असलं पाहिजे हं आजोबा. आमचा माणूस अधूनमधून बघून जाईल. घर बंद दिसलं तर आम्हाला विचारावं लागतं."

घरी आल्यावर ह्यांनी कागद लोखंडी कपाटात साड्यांच्या खाली ठेवले. किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "बाकीचं मी बघतो. तू एवढंच लक्षात ठेव, घर बंद दिसता कामा नये."

सात महिन्यांनी ते गेले. बाकीचं बघणारं माणूस गेलं, आणि माझ्यापाशी ते एवढंच राहिलं.

आता माझं माहेर गिरीज गावातलं. वाडीतलं. केळी, नारळ, मधे अळू आणि भाजी. तिथे दिवसा घर बंद असण्याला कुणी बंद म्हणत नसे. दिवसा घरात असतं कोण? सगळी वाडीत नाहीतर बाजारात. दाराला कडी, ती पण मांजर शिरू नये म्हणून. पण दिवेलागणीला घरात उजेड दिसला नाही तर शेजारचं माणूस लगेच बांधावरून यायचं विचारायला. काय झालं, कोण गेलं, भांडण झालं का? आई म्हणायची, काळोखातलं घर मेल्यासारखं दिसतं. मी आणि माझी मोठी बहीण कुठेही खेळत असलो तरी त्या वेळेला घरी यायचं. बंद घर म्हणजे दिवेलागणीला अंधारात असलेलं घर, हे माझ्या हाडात बसलेलं होतं. साहेब बंद म्हणाला तेव्हा मी तेच ऐकलं. दुसरं काही असू शकतं हे मनातच आलं नाही.

म्हणून मी ठरवून टाकलं. बँकेचा माणूस संध्याकाळी रस्त्यावरून बघून जाणार. खिडकी काळोखी दिसली की वहीत लिहिणार. किती वेळा लिहिलं की घर काढून घेतात, ते मला माहीत नव्हतं. एकदा, असंच मी धरून चालले.

कुणाला विचारायचं? घर तारण ठेवलं हे मी माहेरी कळू दिलं नव्हतं. बहिणीला कळलं असतं तर तिने कानातली काढून हातावर ठेवली असती. ह्यांच्या आजारात एकदा ठेवलीच होती, मी परत केली. समोरच्या घरातली बाई चांगली आहे, कोकणातली, पण तिच्या कानात पडलं की बिल्डिंगभर झालं. तेव्हा गप्प बसले. पुतणीच्या लग्नाला संध्याकाळचा मुहूर्त, मी गेले नाही. देवळात काकड आरतीला गेले, सांजआरतीला कधी नाही. समोरची म्हणायची, "मावशी, कोंबड्या आणि तुम्ही एकाच वेळेला आत."

वर्षातून एकदा बँकेत जाऊन मी जिवंत आहे असं लिहून द्यावं लागतं.  काउंटरवरचा मुलगा कागद घेई, माझ्याकडे बघे, शिक्का मारी. काही विचारत नसे. विचारत नाही म्हणजे वहीत काही नाही, असं समजून मी घरी येत असे.

मग बहीण आजारी पडली. माझ्याहून सात वर्षांनी मोठी. तिचं लग्न गावातच झालं, त्यामुळे वाडी सुटली नाही आणि बोलीही सुटली नाही. सत्तरी ओलांडली तरी केळीची पानं कापून, गड्ड्या बांधून बाजाराला पाठवायची. आता पाय सुजले होते, श्वास पुरत नव्हता. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, घरीच सांभाळा. मुलगा कामावर, सून एकटी. मी रोज जायला लागले. सकाळी दोन बस बदलून जायचं, तिला अंघोळ घालायची, भाताची पेज भरवायची, आणि चार वाजले की पिशवी उचलायची.

पहिल्यांदा तिने चेष्टा केली. "तुज्या घरात काय सोनं पुरलंय गो? नवऱ्याला जाऊन दोन वर्सं झाली. आता कुनाला जेवन वाढायचंय?"

मी म्हटलं, "दिवा लावायचा असतो."

"देव काय पळून जानार हाय?"

सून हसली. मीही हसले. पण पदर कमरेला खोचून उभीच राहिले.

एकदा नालासोपाऱ्याच्या पुढे रस्ता खणून ठेवला होता, बस अडकली. मी खिडकीतून आभाळ बघतेय, ते लाल झालं, मग राखेसारखं. उतरले तेव्हा अंधार पडला होता. पळवत नाही, तरी पळाले. बिल्डिंगच्या फाटकातून आत आले आणि थांबले. माझ्या दारापुढे एक माणूस उभा. हातात कागदांचा गठ्ठा, मोबाइलचा उजेड माझ्या दारावरच्या नंबरवर धरलेला.

 मी एकदम बोलायला लागले ते थांबता येईना. "मी राहते इथे. रोज राहते. इथेच झोपते. आज बस अडकली म्हणून उशीर. दूधवाल्याला विचारा. समोर विचारा."

तो बिचारा दोन पावलं मागे सरला. "आजी, मी मतदार यादीचं बघायला आलोय. तुमच्याकडे किती मतं?"

समोरची दारात येऊन सगळं ऐकत होती. म्हणाली, "लिहा हो दादा. एकच मत आहे, पण पक्कं आहे."

तो हसत गेला. मी आत जाऊन ट्यूब लावली आणि जमिनीवरच बसले. दिवा लावायला तीन काड्या गेल्या.

बहिणीचा त्रास वाढत गेला. आता ती चेष्टा करत नव्हती. एक दिवस पेज भरवताना तिने माझं मनगट धरलं. हाताला जोर नव्हता, पण सोडेना.

"येक रात रहा."

"उद्या बघू."

"दिस हाय तवर मला काय वाटत नाय. दिवा लागला का भ्या वाटतं. ही पोरगी चुलीकडं, पोरगा यायचाय, आनि मी अशी वर बगत. कोन तरी पायाशी उभं हाय असं वाटतं. तू बाजूला असली तर नाय वाटायचं."

माझी बहीण लहानपणी विहिरीच्या काठावर उभं राहून साप मारायची. तिच्या तोंडून मी भीती हा शब्द ऐकला नव्हता. मी म्हटलं, "उद्या राहते. नक्की."

घरी येऊन विचार केला. समोरचीला किल्ली द्यायची. तिने फक्त आत यायचं, ट्यूब लावायची, दिवा लावायचा, कुलूप लावून जायचं. रस्त्यावरून बघणाऱ्याला काय कळणार? पण ही फसवणूक झाली. पकडली गेले तर? तरी ठरवलं. सकाळी पिशवीत एक लुगडं, गोळ्या, टॉवेल भरला आणि तिला किल्ली दिली. ट्यूबचं बटण कुठलं ते दाखवलं.

ती म्हणाली, "जा बिनधास्त. एक नाही, चार दिवस राहा." मी फाटकापर्यंत गेले असेन, मागून तिने सहज विचारलं, "मावशी, कुणी विचारायला आलं तर काय सांगू?"

तिच्या मनात काही नव्हतं. दूधवाला, गॅसवाला, कुणीही येतं. पण माझ्या मनात आलं. ही काहीतरी बोलून जाईल. म्हणेल, मावशी इथे नसतात आता, बहिणीकडे असतात. मी परत फिरले आणि हात पुढे केला. म्हटलं, "दे किल्ली. मी येते संध्याकाळी."

"अहो, झालं काय?"

"काही नाही."

पिशवी ठेवून जायचंही सुचलं नाही. तशीच घेऊन गिरीजला पोचले. बहिणीने ती फुगलेली पिशवी बघितली आणि तिचा चेहरा उजळला. सुनेला म्हणाली, "बघ, आनली का नाय पिशवी?" तिने आधीच माझं अंथरूण घालायला लावलं होतं, तिच्या खाटेला लागून, खाली. भिंतीकडे नको, इकडे, असं सांगून. गोधडी उन्हात घातलेली होती, तिला अजून उन्हाचा वास होता.

मी तिला अंघोळ घातली, पेज भरवली. चार वाजले. साडेचार झाले. मी उठले.

तिने पिशवीकडे बघितलं, मग माझ्याकडे. भांडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, "जा. तुजा दिवा राहील." आणि मान वळवली.

त्या दिवशी बस वेळेवर मिळाली. मी उजेडात घरी पोचले. ट्यूब लावली, हातपाय धुतले, निरांजनात तेल घातलं. वात पेटवली आणि मोबाइल वाजला. सून होती. म्हणाली, "मावशी, आई गेल्या. आत्ताच. मी नुसती दिवा लावायला उठले होते."

मी रिक्षा करून गेले. आणि खरं तेच सांगते, जाताना मी ट्यूब चालू ठेवली. बहीण गेली होती आणि तरी मी दारातून मागे वळून बघितलं, खिडकीत उजेड दिसतोय ना. ते अंथरूण तसंच होतं. त्यावर कुणी बसलंही नव्हतं.

तेराव्यापर्यंत मी दिवसा जात राहिले, संध्याकाळी परत.  मला थांबवायचं सोडून दिलं होतं त्यांनी.

पुढच्याच महिन्यात जिवंत असल्याचा कागद द्यायला बँकेत गेले. त्या दिवशी काउंटरवर मुलगा नव्हता, एक बाई होत्या, केस पिकलेले. म्हणाल्या, "बसा. काही अडचण नाही ना?" दोन वर्षांत पहिल्यांदा कुणी विचारलं होतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "बाई, बहीण वारली त्या रात्री मी घरी नव्हते. त्याआधी एकदा बस अडकली होती. वहीत लिहिलं असेल तर माफी द्या."

"कसली वही?"

मी सगळं सांगितलं. घर बंद दिसता कामा नये, ते ह्यांचं वाक्य, खिडकी, ट्यूब. त्यांनी चष्मा काढला. माझी फाइल काढून आणली आणि पानावर बोट ठेवून हळूहळू वाचून दाखवलं, ह्यांच्यासारखंच मोठ्याने. घर सोडून वर्षभर सलग दुसरीकडे राहायला गेलं तर बँक विचार करते. वर्षभर. घरपट्टी भरायची, घर नीट ठेवायचं. एवढंच.

"आजी, तुम्ही महिनाभर कुठे जाऊन राहिलात तरी चालतं. आम्हाला कळवून चार महिने जा."

"आणि दिवा?"

"कसला दिवा?"

मी सही केली. त्यांनी पाणी आणून दिलं, ते प्यायले. बँकेतून बाहेर आले तर ऊन होतं, रस्त्यावर नेहमीसारखी माणसं. मला वाटलं होतं आता जीव हलका होईल. तसं काही झालं नाही. चार वाजले तेव्हा हात पिशवीकडे गेलाच.

बहिणीच्या महिन्याच्या दिवशी सुनेने बोलावलं. स्वयंपाक करता करता मी तिला सांगितलं. घर तारण आहे ते, आणि मी का पळत होते ते. तिने पुरी लाटायची थांबवली. म्हणाली, "आईंना सांगायचं होतं हो. त्या शेवटी शेवटी म्हणायच्या, माझ्या बहिणीला माझी किळस येते, म्हणून ती राहत नाही."

मी कढईतली पुरी उलटली. दुसरं करण्यासारखं काय होतं?

चार वाजले. मी उठले नाही. पाच वाजले. बाहेर केळीची पानं हलायची थांबली. अंगणातला उजेड जमिनीवरून वर वर सरकत गेला आणि मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. बँकेच्या बाईंनी पानावर ठेवलेलं बोट आठवत होते. वर्षभर, वर्षभर, असं मनात म्हणत होते. तिकडे विरारला माझी खिडकी काळी पडत असणार. सुनेने दिवा लावला, माझ्या पाया पडली. मग न विचारता ते अंथरूण आणून खाटेला लागून घातलं, खाली, होतं तिथेच. खाट रिकामी होती. मी खाली आडवी झाले आणि वर बघत राहिले. बहीण जे बघत होती तेच, कौलं आणि वासा.

सकाळच्या बसने परत आले. समोरची दारातच भाजी निवडत होती.

"काय मावशी, काल घर काळोखात? मला वाटलं गेलात की काय. आत येऊन बघणार होते, पण किल्ली देता कुठे तुम्ही."

मी म्हटलं, "बहिणीकडे होते."

"बहीण तर वारली ना तुमची?"

"हो," मी म्हटलं आणि पिशवीतून किल्ली काढली. ती मला कुलपात पटकन घालता येईना. समोरचीने भाजी खाली ठेवली, उठून आली, माझ्या हातातून किल्ली घेतली आणि दार उघडून दिलं. घर होतं तसंच होतं. मी आत जाऊन आधी ट्यूब लावली. दिवसाढवळ्या.